सातानंतर नऊ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे इतका, की तुमच्या फोनमधले पाच-पन्नास फोटो माझ्यात टाकले तर मी तुडुंब भरेन. सध्या मी कोइंबतूरजवळच्या एका शाळेत, भूगोलाच्या खोलीत, पृथ्वीच्या गोलामागे असतो. गोलाचा दांडा मोडला आहे. त्यामुळे आम्हां दोघांनाही कोणी फिरवत नाही आणि बोलायला निवांतपणा भरपूर आहे.

स्वतःची कहाणी सांगणारे बहुतेक जण आपण लोकांसाठी किती झिजलो ते सांगतात. छत्री सांगते, नांगर सांगतो, फाटका जोडा तर फारच सांगतो. मला तसं सांगता येणार नाही. मी गार खोलीत राहिलो, कपाळाला चंदन लावून घेतलं आणि एका भल्या माणसाचं नाव पुसलं. ते कसं घडलं, एवढंच मला सांगायचं आहे.

माझे सुटे भाग पाच-सहा देशांतून आले आणि मद्रासच्या एका दुकानात स्क्रूने एकमेकांना जखडले गेले. त्याला माझा जन्म म्हणायचं. तिथून १९९४ साली मी कोइंबतूरच्या पीळमेडू भागातल्या एका कारखान्यात आलो. हा कारखाना गिरण्यांसाठी सूत कातायची लांबलचक यंत्रं बनवायचा. एकेका यंत्रात हजारो भाग. गिरणीत एखादा भाग मोडला की तिथला फिटर कारखान्याचं जाडजूड पुस्तक उघडायचा. डाव्या पानावर यंत्राचं चित्र, सगळे भाग सुटे करून हवेत मांडल्यासारखे, प्रत्येकाशेजारी एक गोळा आणि गोळ्यात आकडा. उजव्या पानावर यादी. फिटरने चित्रातल्या मोडक्या भागावर बोट ठेवायचं, गोळ्यातला आकडा बघायचा आणि तार करायची, 'चित्र बारा, नंबर चौदा, नग दहा.' कारखान्याच्या स्टोअरने यादीतला चौदावा भाग बघायचा आणि पार्सल बांधायचं. इंग्रजी नावं कोणी वाचत नसे. सगळा कारभार आकड्यावर.

हे पुस्तक नव्याने तयार करण्यासाठी मला आणलं होतं.

कारखान्याच्या मालकांना सगळे मुदलाळी म्हणत. माणूस वाईट नव्हता. कामगाराच्या घरी लग्न असलं तर पहिल्या पंगतीला जाऊन बसायचे. त्यांचं वैर फक्त आठ या आकड्याशी होतं. आठ शनीचा. १९६९ साली आठ नंबरच्या भट्टीला तडा गेला आणि त्याच आठवड्यात त्यांचे वडील वारले. तेव्हापासून कारखान्यातून आठ हद्दपार झाला. सात नंबरच्या शेडनंतर नऊ नंबरची शेड. हजेरीपटावर सातानंतर नऊ. सकाळची पाळी सात अठ्ठावन्नला सुरू व्हायची. अठरा, अठ्ठावीस चालत, कारण ज्योतिषाच्या मते तिथे शेजारचा आकडा त्याला आवरून धरतो. एकटा आठ वाईट. मुदलाळींसमोर तो उच्चारायचाही नसे. अगदीच वेळ आली तर 'सातच्या पुढचा' म्हणायचं.

मला विकणारे एबनेझर मद्रासचे. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या मॉडेलचं नाव चार-आठ-सहा. ज्योतिषी तिथेच बसले होते. त्यांनी आकडे कागदावर मांडून पाहिले आणि म्हणाले, "मधे बसलाय. दोन्ही बाजूंनी दाबलाय. हलणार नाही. घ्या."

एबनेझरना हायसं वाटलं. त्या भरात त्यांनी विचारलं, "आणि सर, मेमरी? चार घ्यायची की आठ?"

ज्योतिष्यांनी तोच कागद पुन्हा पुढे ओढला.

"चार," मुदलाळी म्हणाले.

"पण सर, चित्रांचं काम असेल तर..."

"चार."

अशा रीतीने मी अर्ध्या आठवणीचा राहिलो. याचा परिणाम पुढे काय झाला ते सांगतो, पण आधी मरुदाचलम.

मरुदाचलम म्हणजे कारखान्याचे चित्रकार, म्हणजे ड्राफ्ट्समन. वय सत्तावन्न, सगळे त्यांना आदराने ऐया म्हणत. एकतीस वर्षं चित्रं काढायच्या एकाच फळ्यासमोर बसून त्यांनी कारखान्यातलं प्रत्येक यंत्र हवेत सुटं केलं होतं. त्यांच्या चित्रात यंत्र उघडलेलं असायचं, पण विस्कटलेलं नसायचं. प्रत्येक भाग आपल्या जागेपासून सरळ रेषेत दूर उभा, जणू कोणी 'या' म्हटलं की पुन्हा आत जाऊन बसेल. माझ्या खोलीच्या पलीकडे, काचेच्या पार्टिशनआड त्यांचा फळा होता. माझ्यासाठी एसी बसवला तेव्हा त्याचं तोंड माझ्याकडे झालं आणि पाठ त्यांच्याकडे. गरम हवा सगळी त्यांच्या वाट्याला गेली. त्यांनी कागदाच्या कडेला एक रुमाल ठेवायला सुरुवात केली, घामाचा थेंब शाईवर पडू नये म्हणून.

अर्थात आठ त्यांच्या चित्रांतही नव्हता. १९६९पासून त्यांच्या गोळ्यांमध्ये सातानंतर नऊ येत होता, आणि जुन्या हाताने लिहिलेल्या याद्यांतही सातानंतर नऊच होता. दोन्हीकडे सारखं, म्हणून पंचवीस वर्षं कोणाचंच काही बिघडलं नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या विजयादशमीला ते निवृत्त होणार होते. एवढ्या वर्षांत त्यांनी काही मागितलं नव्हतं. माझं काम ठरलं तेव्हा मात्र ते मुदलाळींकडे गेले आणि म्हणाले, "एक विनंती आहे. चित्रं कोणी काढली ते पुस्तकावर कधी छापत नाहीत. शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरात चालेल."

मुदलाळी म्हणाले, "बारीक कशाला? चांगल्या अक्षरात छापू."

ते परत फळ्याशी आले आणि त्या दिवशी त्यांनी दोनदा कॉफी घेतली. एरवी एकदाच घ्यायचे.

माझ्यावर काम करायला पूंगोडी होती. तिशीतली, नागरकोविलची, लग्न होऊन कोइंबतूरला आलेली. नवरा आजारी असायचा आणि मुलगी दुसरीत. कारखान्यात लागून तिला तीनच आठवडे झाले होते. मरुदाचलमनी एकेका भागाचं एकेक कार्ड लिहून दिलं होतं, मोत्यांसारख्या अक्षरात. चित्राचा क्रमांक, गोळ्यातला आकडा, भागाचं नाव. पूंगोडी ती कार्डं बघून माझ्यात भरायची. सगळी माहिती भरून झाली की पानं मांडायचा प्रोग्राम त्या माहितीतून याद्या उचलणार, चित्रांशेजारी बसवणार आणि सबंध पुस्तक आपोआप तयार होणार होतं. हे 'आपोआप' सगळ्यांना फार आवडलं होतं. मलाही.

पहिल्या चित्राची कार्डं भरून झाली आणि मी पीं केलं. पडद्यावर माझा प्रश्न आला, 'क्रमात एक आकडा गळला आहे. क्रम सलग करू का? हो की नाही?'

तिने कार्डं पुन्हा मोजली. दुसऱ्या चित्राला मी पुन्हा पीं केलं. तिसऱ्यालाही. तेव्हा तिने व्यवस्थापक दक्षिणामूर्तींना बोलावलं. शंकराचं हे रूप मौनानेच शिकवतं म्हणतात. आमच्या दक्षिणामूर्तींना ते नाव का ठेवलं होतं ते त्यांच्या आईवडिलांनाच माहीत.

"सर, प्रत्येक चित्रात आठ..."

"शूं," दक्षिणामूर्ती म्हणाले. "मुदलाळी पलीकडे बसलेत. हळू बोला. काय म्हणतंय हे?"

"एक आकडा नाहीये म्हणतंय. मी 'नाही' दाबू की 'हो'? मरुदाचलम ऐयांना विचारून येऊ का?"

"त्यांना विचारलंत तर ते तिथून सुरुवात करतील, एकोणीसशे त्रेसष्टपासून. 'नाही' दाबलं तर काय होईल?"

"हे पुन्हा पीं करेल. पुढच्या चित्राला."

"एकूण चित्रं किती?"

"दोनशे बारा."

"म्हणजे दोनशे बारा वेळा पीं? अम्मा, आयुधपूजेला पुस्तक देवीपुढे ठेवायचंय. मद्रासहून आणलेलं यंत्र आहे, याला मोजता येत असेल की. 'हो' म्हणा."

तिने 'हो' दाबलं. खाली एक बारीक चौकोन होता, 'यापुढे विचारू नये.' दक्षिणामूर्तींनी बोटाने तोही दाखवला. तिने तिथेही खूण केली.

मित्रांनो, त्यानंतर मी विचारलं नाही. दोनशे बारा चित्रांच्या याद्यांमध्ये मी सातानंतर आठ घातला आणि त्यापुढचा प्रत्येक भाग एकेक घर मागे सरकवला. चित्रातला नऊ माझ्या यादीत आठ झाला, चित्रातला दहा नऊ झाला. मला वाटलं, मी एक खड्डा बुजवला.

तुम्ही म्हणाल, शेजारीच चित्र होतं, ते दिसलं नाही का? इथे माझी अर्धी आठवण येते. चित्रं दाखवायची म्हटली की मी दमून जायचो, एक पान उलटायला चहा पिऊन होईल इतका वेळ लावायचो. म्हणून प्रोग्राममध्ये सोय होती, की चित्र दाखवूच नये, त्या जागी राखाडी चौकोन दाखवावा. पूंगोडीने तेच केलं, कोणीही केलं असतं. मी सबंध पुस्तक मांडलं आणि मरुदाचलमचं एकही चित्र पाहिलं नाही. दोनशे बारा राखाडी चौकोन पाहिले आणि प्रत्येकाशेजारी व्यवस्थित यादी ठेवली.

पानं छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी मरुदाचलम माझ्या खोलीच्या दाराशी आले. एसीमुळे चपला बाहेर काढाव्या लागत. त्यांनी त्या काढल्या, पण आत आले नाहीत.

"वाचून घेऊ या ना?" ते दक्षिणामूर्तींना म्हणाले. जुन्या पद्धतीत पुस्तक तयार झालं की दोघं जण समोरासमोर बसत. एकाने यादी मोठ्याने वाचायची, 'नऊ, बुश', दुसऱ्याने चित्रातल्या नवावर बोट ठेवून 'आहे' म्हणायचं. या 'आहे, आहे'ला चार दिवस लागत.

"ऐया, चार दिवस कुठून आणू? आणि आता गरज काय? चुका माणूस करतो. हे मोजतं."

"आकडे माझ्या हातचे आहेत म्हणून म्हणतो."

"तुमचं नाव छापतोय ना शेवटच्या पानावर? मग झालं की. निश्चिंत राहा."

मरुदाचलम निश्चिंत झाले नाहीत, पण चपला घालून गेले. मी तेव्हा चालूच होतो. पीं करायला मला कोणी मनाई केली नव्हती. पण मला 'विचारू नये' असं सांगितलं होतं, आणि आज्ञाधारकपणाबद्दल माझं कौतुक चाललं होतं.

आयुधपूजेला, म्हणजे विजयादशमीच्या आदल्या दिवशी, कारखाना बंद असतो. यंत्रं धुऊन पुसून ठेवतात, हत्यारांना चंदन-कुंकू लावतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. आतापर्यंत पूजेत मधोमध मरुदाचलमचा फळा असे, वर त्यांच्या शाईच्या पेनांची पेटी. त्या वर्षी मधोमध मी होतो. माझ्या पडद्याला चंदनाचे तीन पट्टे, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात नवं पुस्तक. फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. त्यालाही कुंकू होतं, पण कडेला, निसटतं लावल्यासारखं.

कोहळा फोडण्याचा मान सगळ्यांत जुन्या माणसाचा. मरुदाचलमनी तो मान घेतला. मग चुरमुरे आणि चण्यांची उसळ वाटली गेली. मुदलाळींनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडून सगळ्यांना दाखवलं. 'चित्रे : अ. मरुदाचलम.' लोक टाळ्या वाजवत होते. मरुदाचलम त्या ओळीकडे असं बघत होते, जणू ते दुसऱ्याच कोणाचं नाव आहे आणि तो माणूस त्यांना भेटायला आवडला असता.

ते नाव माझ्याच अक्षरात होतं. सबंध पुस्तकात मी चुकवलं नव्हतं असं तेवढंच.

मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, पत्रं यायला लागली. पूंगोडी ती माझ्यात भरायची, म्हणून मला पाठ आहेत. दिंडुक्कलच्या गिरणीने पुली मागवली होती, तिला स्प्रिंग मिळाली. दुसऱ्या एका गिरणीने स्प्रिंग मागवली, तिला नट मिळाला. उडुमलपेटच्या फिटरने ब्रेकचा पट्टा मागवला. त्याला वॉशर गेले. त्याने परत पाठवले. स्टोअरने पुस्तक उघडून खात्री केली आणि पुन्हा वॉशरच पाठवले. तिसऱ्या पत्रात त्याने लिहिलं होतं, 'आपले वॉशर उत्तम आहेत. यंत्र मात्र त्यांना बघून थांबत नाही.'

यावर खोलीत हशा झाला. पुढच्या पत्रावर झाला नाही. राजपाळयमच्या एका गिरणीची सहा यंत्रं चुकीच्या भागांपायी अकरा दिवस बंद राहिली, आणि त्यांच्यावर काम करणाऱ्या बायका पोंगलच्या तोंडावर बिनमजुरीच्या घरी बसल्या. पूंगोडीने ते पत्र भरलं आणि बायकांबद्दलची ओळ पुन्हा एकदा वाचली.

मुदलाळींनी बैठक बोलावली. ती माझ्याच खोलीत झाली, कारण गारवा तिथेच होता. मद्रासहून एबनेझर आले. त्यांनी पुस्तक उघडलं, एक बोट चित्रावर आणि एक यादीवर ठेवलं आणि पाच मिनिटांत म्हणाले, "अहो, साधं आहे. यादीत आठ आहे, चित्रात आठ नाही. कोण विसरलं आठ?"

एका दमात त्यांनी तीनदा आठ म्हटलं होतं. दक्षिणामूर्ती एसीची बटणं तपासू लागले.

"यादीत आहे?" मुदलाळींनी विचारलं.

"आहे ना. हा बघा. प्रत्येक यादीत आहे."

"किती याद्या?"

"दोनशे बारा," पूंगोडी हळूच म्हणाली.

मुदलाळींनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतला. "हे पुस्तक मी देवीपुढे ठेवलं," ते म्हणाले. "दोनशे बारा घेऊन." अकरा दिवस बंद राहिलेली यंत्रं त्यांच्या मनात येऊन गेली असावीत. मग म्हणाले, "चित्रं आणि यादी जुळत नाहीत, हे कोणी बघायचं होतं?"

"चित्रांतच खंड पडलेला होता सर," दक्षिणामूर्ती एसीकडे बघत म्हणाले. "म्हणून कॉम्प्युटरचा गोंधळ झाला."

"कॉम्प्युटरचा गोंधळ होत नाही," एबनेझर म्हणाले. त्यांना माझे भाऊबंद आणखी तीन कारखान्यांना विकायचे होते.

मित्रांनो, त्या खोलीतल्या प्रत्येकाला, एबनेझर सोडून, तो खंड का पडला ते ठाऊक होतं. मुदलाळींना सगळ्यांत जास्त. पण ते सांगायचं तर तो आकडा उच्चारावा लागणार होता, आणि ज्यांनी तो हद्दपार केला त्यांच्याकडे बघून उच्चारावा लागणार होता.

मुदलाळींनी शेवटचं पान उघडलं. "मरुदाचलम, नाव तुमचं आहे इथे."

"आहे."

"मग तपासलं नाहीत?"

पूंगोडीने तोंड उघडलं. माझ्या कळांवरची बोटं तिने उचलली. पण तिच्या आधी मरुदाचलम बोलले.

"तपासायचं राहिलं," ते म्हणाले.

आणि मी? माझ्या हार्ड डिस्कच्या तबकडीवर तारीख-वेळेसकट नोंद होती. प्रश्न काय विचारला, उत्तर काय मिळालं, चौकोनावर खूण कधी झाली. आयुष्यभर मी क्षुल्लक कारणांवरून पीं पीं केलं आहे. कागद संपला, पीं. कळ जास्त वेळ दाबली, पीं. त्या दिवशी माझ्यातून नेहमीची घरघर तेवढी निघत होती. कोणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, मीही मान डोलावतोय.

मरुदाचलमना स्टोअरमध्ये हलवलं. उरलेले महिने त्यांनी परत आलेले चुकीचे भाग मोजून घ्यायचे आणि बरोबर भाग पाठवायचे. गिरण्यांना एक चिठ्ठी गेली. मजकूर दक्षिणामूर्तींचा, टाईप माझा, 'चित्रात सातच्या पुढे जो आकडा दिसेल त्यातून एक वजा करून यादी वाचावी.' यावर उडुमलपेटच्या फिटरचं उत्तर आलं, 'वजा केलं. जे आलं ते फोनवर सांगितलं. तुमच्या माणसाने फोन ठेवून दिला.'

स्टोअरमध्ये ते फोन मग मरुदाचलम घेऊ लागले. ते फिटरला आकडा विचारतच नसत. "भाग कसा दिसतो सांगा," म्हणायचे. "गोल आहे? मधे भोक? एका बाजूला खाच?" आणि बरोबर तोच भाग पाठवायचे. सगळी चित्रं त्यांच्या डोक्यात होती. त्यांचं पार्सल चुकलं असं एकदाही झालं नाही. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण बरोबर गेलेल्या पार्सलची पत्रं येत नाहीत.

पुढच्या आयुधपूजेच्या आत सुधारलेलं पुस्तक निघणार होतं. या खेपेस पूंगोडीने याद्यांतून आठ काढला आणि राखाडी चौकोन उघडून एकेक चित्र यादीशी लावून पाहिलं. मी दमायचो, ती थांबायची. मी ती चित्रं तेव्हा पहिल्यांदा पाहिली. काय सांगू? मी यंत्र आहे, आणि यंत्र म्हणजे काय ते मला त्या चित्रांवरून कळलं.

शेवटच्या पानाशी दक्षिणामूर्ती तिच्यामागे येऊन उभे राहिले. "ती ओळ काढा," ते म्हणाले. "वरून सांगितलंय."

"सर, चित्रं तर त्यांचीच आहेत."

"म्हणून तर. लोक नाव वाचतील आणि मागचं आठवतील. त्यांच्याच भल्याचं आहे."

तिने ते पान मोठं करून एकदा वाचलं. मग तिने ओळ निवडली आणि कळ दाबली.

मी विचारलं, 'नक्की पुसू का? हो की नाही?'

मला तेवढंच येतं, मित्रांनो. कोणी माणूस कोणाला बुडवायला निघाला तरी मी इतकंच विचारतो, आणि उत्तर मिळालं की करून मोकळा होतो.

तिने 'हो' दाबलं.

त्या आयुधपूजेला मी पुन्हा मधोमध होतो. कोहळा दक्षिणामूर्तींनी फोडला. दुसऱ्याच घावाला फुटला. सगळे चुरमुरे घ्यायला अंगणात गेले तेव्हा पूंगोडी माझ्याजवळ थांबली होती, आणि मरुदाचलम आत आले. चपला बाहेर काढून आले. त्यांनी पुस्तक उचललं. पहिलं पान, मधलं एक पान आणि शेवटचं. शेवटच्या पानावर त्यांचा अंगठा थोडा वेळ राहिला.

"पान मोकळं छान दिसतंय," ते म्हणाले.

पूंगोडीला रडू आलं. "ऐया, ते मी पुसलं. आणि पहिली चूकही माझीच. याने विचारलं होतं. प्रत्येक चित्रात आठ नाही, सलग करू का, असं विचारलं होतं. मी 'हो' म्हटलं. दक्षिणामूर्ती सर म्हणाले म्हणून. पण बोट माझं होतं. मी जाऊन सांगते मुदलाळींना. आत्ता सांगते."

"थांब. याने विचारलं होतं?"

"हो."

"काय विचारलं?"

"एक आकडा गळलाय म्हणून."

मरुदाचलम हसले. फार दिवसांनी हसले असावेत, गालाला ते जमेना. "सव्वीस वर्षं मी आठ गाळतोय. शंभर माणसं त्या चित्रांवरून गेली. एकाने मला विचारलं नाही, की बाबा रे, हा का गाळतोस? या डब्याने पहिल्या दिवशी विचारलं."

"मी सांगून येते, ऐया."

"सांगितलंस तर तू जाशील. मी तसाही उद्या जातोय. दोघांनी कशाला जायचं? मुलगी कितवीत तुझी?"

"तिसरीत गेली."

"तिला चुरमुरे ने. संपतील."

ती गेली नाही. रडत उभी राहिली. पण मुदलाळींकडेही गेली नाही. मी तिला नावं ठेवणार नाही. मला पाय नव्हते म्हणून मी गेलो नाही असं मी स्वतःला सांगतो. तिच्याकडे तेवढंही कारण नव्हतं, म्हणून तिला माझ्याहून जास्त त्रास झाला असेल.

मरुदाचलमनी वाटीतलं चंदन बोटावर घेतलं. माझ्या पडद्यावर आधीचे तीन पट्टे होतेच. त्यांनी खाली, पीं जिथून निघतं त्या जाळीपाशी, एक बारीक ठिपका लावला.

"तू विचारलंस तरी," ते मला म्हणाले. मग बाहेर जाऊन चपला घातल्या.

ते फाटकापर्यंत पोचले असतील तेव्हा अंगणात कोणीतरी विचारत होतं, "मरुदाचलम ऐयांना चुरमुरे दिले का?" दुसऱ्याने म्हटलं, "घेतले असतील त्यांनी."

पुढे मी आणखी सहा वर्षं पुस्तकं मांडली. मग माझ्याहून तरुण यंत्रं आली आणि त्यांची आठवण माझ्या कितीतरी पट मोठी होती. मुदलाळींनी मला शाळेला दान केलं, समारंभात, नारळ फोडून. शाळेतल्या मुलांनी वर्षभर माझ्यावर गाड्यांच्या शर्यती खेळल्या. मग मी गोलामागे आलो. चंदनाचा ठिपका अजून जाळीपाशी आहे. त्यावर धूळ बसल्यामुळे तो डाग वाटतो.

आता आमच्यातली एक गोष्ट सांगतो. आम्ही पुसतो म्हणजे खरोखर पुसत नाही. ओळ तिथेच राहते, तिकडे जायची वाट तेवढी बंद होते, आणि तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती पडून असते. सहा वर्षं कारखान्याचं आणि एक वर्ष शर्यतींचं, इतकं सगळं माझ्यावर लिहिलं गेलं. त्या एका जागेवर मात्र मी काही लिहू दिलं नाही. आज्ञाधारक म्हणून नावाजलेल्या माझ्या आयुष्यातली ही एकमेव लबाडी. 'चित्रे : अ. मरुदाचलम' अजून तिथेच आहे.

'तू विचारलंस तरी' हे त्यांचं वाक्य मला पुरायला हवं होतं. पुरत नाही. प्रश्न मी दोनदा विचारला, पण दोन्ही वेळा चुकीच्या माणसाला. ज्यांना विचारायचा, ते पहिल्या वेळी काचेच्या पलीकडे रुमालाने घाम टिपत बसले होते आणि दुसऱ्या वेळी स्टोअरमध्ये होते.

तेव्हा मित्रांनो, एवढं लक्षात असू द्या. यंत्राने काही विचारलं तर ते त्याचं कौतुक करण्यासाठी नव्हे, थांबण्यासाठी आहे, असं समजा. उत्तर माहीत नसेल तर उठा, चपला घाला आणि ज्याच्या हातचं काम आहे त्याला जाऊन विचारा. तो बहुधा भिंतीपलीकडेच असतो. आणि तुमच्यापैकी कोणी कधी हा गोल बाजूला सारून मला विजेला जोडलंच, तर मी जुन्या सवयीने पीं करीन आणि विचारीन, 'जुनं सगळं पुसून नव्याने सुरू करू का?'

तेव्हा घाईने 'हो' म्हणू नका.